आवाजाला दिलेली जागा

"मागच्या खेपेला मी सगळं सविस्तर सांगितलं होतं," नेत्रतज्ज्ञ म्हणाले. त्यांचे शब्द हेमांगीच्या चष्म्याच्या काचेवर, खालच्या कडेला, पांढऱ्या अक्षरांत उमटले. "मग इतके महिने आला का नाहीत? तुमची मुलगीच होती ना बरोबर?"

हेमांगीने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. नागेशच्या डोळ्यांत तपासणीचे थेंब घातलेले होते. बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि त्याला स्वतःच्या काचेवरची अक्षरं वाचता येत नव्हती. मागच्या खेपेलाही हेच झालं असणार. तेव्हा हेमांगीच्या शाळेत परीक्षा होत्या, म्हणून नागेशबरोबर अन्विता आली होती. अन्विता म्हणजे त्यांची नऊ वर्षांची मुलगी. घरात ऐकू येणारी ती एकटीच.

त्या दिवशी घरी येऊन अन्विताने हातांनी सांगितलं होतं, बाबांचा नंबर वाढलाय, गाजरं खायला सांगितलीत.

डॉक्टर बोलत राहिले आणि अक्षरं उमटत राहिली. नागेश जन्मापासून बहिरा होता आणि आता त्याला दिवेलागणीनंतर कमी दिसत होतं, ही एकाच आजाराची दोन टोकं होती. जनुकातला एक दोष आधी कान नेतो, मग डोळे. नजर कडेकडून आत मिटत येते. नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं उरतं, आणि काही वर्षांनी तेही जातं. वेग कमी करणारं औषध आहे, थांबवणारं नाही.

"हे सगळं तुम्ही त्या मुलीला सांगितलंत?" हेमांगीने तोंडाने विचारलं. तिचे उच्चार सगळ्यांना कळत नसत. डॉक्टरांना कळले.

"मग कुणाला सांगणार होतो?" ते म्हणाले, आणि समोरच्या यंत्राचं बटण उगाचच दाबत राहिले. "समजूतदारपणे मान हलवत होती ती."

घरी आल्यावर हेमांगीने अन्विताला रागावायचं नाही असं ठरवलं होतं. तशी वेळच आली नाही. आईबाबांचे चेहरे पाहताच पोरगी दारातच रडायला लागली.

"मला खुणा येत होत्या," ती हातांनी म्हणाली. "सगळ्या येत होत्या. पण बाबा माझ्याकडे बघून हसत होते."

मग हेमांगीच्या एकेक गोष्ट ध्यानात येत गेली. गेले कित्येक महिने घरातली स्टुलं भिंतीला लागलेली असत. पाण्याचा पेला नागेशच्या अगदी समोर ठेवलेला असे. रस्त्याने जाताना अन्विता हट्टाने बाबांच्या डाव्या हाताला चाले, कारण त्या बाजूची नजर जास्त मिटली होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आईबापांना कळू न देता एवढंसं पोर एकटं हे सगळं सांभाळत होतं.

नागेशने मुलीला जवळ घेतलं. तो सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायचा. थराथरांनी रचलेल्या कापडातून तो सरळ पात्याचं यंत्र फिरवायचा आणि खडूची रेघ कधी सोडायचा नाही. गेल्या महिन्यात ते पातं त्याच्या अंगठ्याला लागून गेलं होतं. तेव्हा सगळे म्हणाले होते, लक्ष नव्हतं.

हेमांगी मूकबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. ती स्वतः दीड वर्षाची असताना एका तापात दिलेल्या इंजेक्शनांनी तिचे कान गेले होते. शब्द म्हणजे काय हे उमगायच्या आतच आवाज गेला होता, त्यामुळे तो हरवल्याचं दुःख तिला कधी झालं नाही. नागेशशी तिची ओळख खुणांतून झाली, भांडणं आणि लग्नही खुणांतूनच. पण आता नागेशची नजर जाणार होती. पुढे त्याच्याशी बोलायचं तर त्याचे हात आपल्या हातांवर ठेवून, तळव्यात खुणा करून बोलावं लागणार होतं. रस्त्यावर त्याला धरून न्यायचं तर मागून येणारी गाडी कुणाला तरी कळायला हवी होती. त्याने दुसऱ्या खोलीतून हाक मारली तर ती कुणापर्यंत तरी पोचायला हवी होती.

"चष्मा आहे ना," नागेश म्हणाला. "अक्षरं येतात त्यावर."

"डोळे दोनच आहेत," हेमांगी म्हणाली. "काच वाचू की तुला बघू? मग उरेल कोण? अन्विता. जन्मभर."

महिन्याभरातच ती पुण्याच्या एका श्रवण-संशोधन संस्थेत जाऊन बसली.

*

डॉ. शिरीन मुजावर या तिथल्या संशोधनाच्या प्रमुख होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, आणि बोलताना समोरच्याला आपले ओठ नीट दिसावेत म्हणून उजेडाकडे तोंड करून बसणाऱ्या. हेमांगीला त्यांची ही सवय पहिल्याच भेटीत आवडली.

"आधी वाईट बातमी सांगते, हेमांगीताई," त्या म्हणाल्या. "कानातल्या शंखात तारा बसवून मज्जातंतूला थेट वीज द्यायची, हे तंत्र जुनं आहे. लहानपणी बसवलं तर मूल बोलायला लागतं. मोठेपणी कान गेलेल्यालाही शब्द परत मिळतात. पण जो बाळपणापासून बहिरा आहे आणि तिशी-चाळिशीत आमच्याकडे येतो, त्याला आवाज कळतो, शब्द बहुधा कळत नाहीत."

"माझे दोन मित्र आहेत असे," हेमांगी म्हणाली. "दोघांचंही यंत्र कपाटात आहे."

"कारण दोष कानात उरलेलाच नसतो. तो डोक्यात असतो. म्हणजे दोष म्हणणंही चूक आहे." डॉक्टरांनी मेंदूची एक प्रतिकृती पुढे ओढली आणि कानशिलाच्या बाजूला बोट ठेवलं. "ही जमीन आवाजासाठी राखलेली असते. पहिल्या तीन-चार वर्षांत आवाज आलाच नाही, तर मेंदू ती रिकामी ठेवत नाही. डोळ्यांना देतो, हातांना देतो. तुम्हाला डोळ्यांच्या कडेने जे दिसतं ते मला दिसत नाही, ते म्हणूनच. मग मूल मोठं होतं आणि पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते. जी जोडणी झाली ती घट्ट बसते. ओला गिलावा वाळावा तसं. त्यानंतर तुम्ही कानात कितीही वीज सोडा, तिला उतरायला जागाच नसते."

संस्थेचा शोध होता तो या जाळीबद्दल. ती सैल करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांनी तयार केलं होतं. ध्वनिलहरींच्या नेमक्या माऱ्याने मेंदूच्या तेवढ्याच भागाची दारं किलकिली करून ते आत सोडायचं. काही महिने तो भाग पुन्हा बाळाच्या मेंदूसारखा ओला राहतो. मग डोस थांबले की जाळी पुन्हा विणली जाते. तोवर जे बसलं ते बसलं.

"आणि तुमच्या लेखी यश म्हणजे काय?" हेमांगीने विचारलं.

"शांत खोलीत, ओठ न बघता, शंभरातले किती शब्द ओळखता येतात तो आकडा. तुमच्यासारख्यांचा आजवर पाचाच्या आसपास असे. आमच्या पहिल्या तुकडीत तो पन्नासच्या पुढे गेलाय."

हेमांगीने होकार दिला. बार्शीहून तिची आई मंदाकिनीबाई राहायला आली. संस्थेच्या नियमाप्रमाणे घरी रोज सराव घेणारं कुणी तरी ऐकणारं माणूस हवं होतं, आणि ते अन्विता असणार नाही, एवढं हेमांगीने आधीच बजावलं होतं.

*

शस्त्रक्रियेने कानात तारा बसल्या, विकराचा पहिला डोस झाला, आणि यंत्र पहिल्यांदा चालू केलं तेव्हा हेमांगीने आवाज ऐकला असं म्हणणं खोटं ठरेल. कवटीच्या आत कुणी तरी चुरचुरणारा फटाका लावल्यासारखं झालं. ती खुर्चीवरून उठली. डॉक्टर बोलल्या तरी चुरचुर, खुर्ची सरकली तरी चुरचुर. तिला उलटी झाली. नागेशने तिच्या कानामागचा तो तुकडा काढून हातात घेतला आणि 'राहू दे हे' अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं. तिने तो त्याच्या हातातून घेऊन पुन्हा लावला.

सराव कडक होता. डोळ्यांवर पट्टी, हात मांडीवर आणि खुणा पूर्ण बंद. डोळ्यांना आणि हातांना काम मिळालं की मेंदू जुन्या वाटेने जातो, असं संस्थेचं म्हणणं. मंदाकिनीबाई समोर बसून शब्द म्हणायच्या. वाटी. पाणी. भाकरी. हेमांगी लहान असतानाही त्यांनी असंच आरशासमोर बसवून तिच्याकडून शब्द घोटून घेतले होते, आणि तिचे हात उठले की हातांवर चापटी मारली होती. तेव्हा त्यांना तसंच सांगितलं गेलं होतं. आता पुन्हा तेच सांगितलं गेलं, आणि त्या दुप्पट उत्साहाने कामाला लागल्या.

पहिले काही आठवडे वाटी आणि पाणी यांत काहीच फरक नव्हता. मग हळूहळू फरक पडू लागला. चुरचुरीत उंचसखलपणा आला. कुकरची शिट्टी ही दाराच्या घंटेहून वेगळी झाली. अन्विताचं हसणं नळाच्या धारेहून वेगळं झालं. एके सकाळी हेमांगी पाठमोरी उभी राहून कणीक मळत असताना मागून काही तरी आलं, आणि काय आलं याचा विचार करायच्या आधीच ती म्हणाली, "नको, आत्ताच झाला."

मागे काहीच हालचाल नव्हती. तिने वळून पाहिलं. आई हातात चहाची किटली घेऊन उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मंदाकिनीबाईंनी नुसतं विचारलं होतं, "हेमा, चहा घेतेस का?" पस्तीस वर्षांत त्यांच्या पाठमोऱ्या मुलीने दिलेलं ते पहिलं उत्तर होतं.

पुण्यात डॉ. शिरीनच्या पडद्यावर आकडा चढत होता. बारा, एकवीस, अडतीस. तुकडीतल्या सगळ्यांत हेमांगी पुढे होती.

घरात मात्र वेगळंच काही तरी घडत होतं. पूर्वी ती पोळ्या लाटत असताना नागेशने बाजूला उभं राहून खुणा केल्या, की डोळ्यांच्या कडेने तिला सगळं कळे. मान न वळवता ती उत्तर द्यायची. आता त्याला तिच्या खांद्याला हात लावावा लागे. शाळेत मुलं गोलात बसून गोष्ट रंगवत, तेव्हा कुठल्या कोपऱ्यात कोण काय म्हणालं हे बाई कधी चुकवत नसत. आता मुलं एकमेकांकडे पाहू लागली होती. आणि तळव्यातल्या खुणा तर तिला जमेनातच. आंधळ्या-बहिऱ्या लोकांबरोबर काम करणारी एक शिक्षिका आठवड्यातून एकदा त्यांच्या घरी येई. नागेश भराभर पुढे गेला. हेमांगीच्या तळव्यात त्याने वाक्य केलं, की तिला त्यातला एखादा शब्द लागे, बाकी नुसती हालचाल वाटे.

नागेशने तिचा हात उलटा करून मांडीवर ठेवला आणि आपल्याला अजून दिसे अशा उजेडात तिच्यासमोर येऊन खुणांनी सावकाश म्हणाला, "तुझे हात बहिरे होतायत."

*

डॉ. शिरीननी काही लपवलं नाही. पुढच्या भेटीत त्यांनी हेमांगीच्या मेंदूची दोन चित्रं शेजारी ठेवली. पूर्वी खुणा पाहताना आणि हाताला स्पर्श होताना कानशिलाचा जो भाग उजळत असे, तो आता फिका पडला होता. तिथे आवाज येऊन बसला होता.

"जमीन तेवढीच आहे," त्या म्हणाल्या. "आवाजाला दिली की दुसऱ्या कुणाची तरी कमी होणार. थोडंफार होईल असं वाटलं होतं. तुमच्या बाबतीत जास्त झालं, कारण तुमची प्रगती जास्त आहे."

"पुढचे डोस घेतले तर?"

"शब्द सत्तरपर्यंत जातील असा माझा अंदाज आहे. टेलिफोनवर बोलाल. खुणा येतील, पण परकी भाषा मोठेपणी शिकल्यासारख्या. आणि आता थांबलात तर आज जे आहे तेच घट्ट होईल, इकडेही अर्धं, तिकडेही अर्धं." त्यांनी चष्मा काढला. "पुढच्या डोसपर्यंत विचार करा. एकदा जाळी विणली गेली की ती पुन्हा सैल करणं धोक्याचं आहे. आम्ही ते करत नाही."

हुतात्मा एक्सप्रेसमध्ये नागेश शेजारी बसला होता. परतीच्या अख्ख्या प्रवासात हेमांगी त्याच्या हाताला हात लावून बसली.

मंदाकिनीबाईंना मात्र यात प्रश्न कसला तेच कळेना. "सत्तर म्हणजे पहिला वर्ग गं," त्या म्हणाल्या. "तुला सगळं जग ऐकू येईल. माझ्याशी बसून बोलशील. मी काही जन्माला पुरणार नाही, हेमा."

"आणि तो?"

"त्याला काय, लिहून दाखवायचं."

"कुणाला? आई, त्याला दिसणार नाहीये."

मंदाकिनीबाईंच्या चेहऱ्यावरून त्यांचं मत काही हललेलं दिसलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी हेमांगी गच्चीवर शेंगदाणे वाळत घालत होती. खालून एक आवाज आला. त्यात शब्द नव्हता. जाड, तुटका, एखादी जड पेटी फरशीवरून ओढावी तसा. असा आवाज तिने सरावात कधी ऐकला नव्हता. तरीही हातातलं सूप तिथेच टाकून ती जिना उतरली. नागेश न्हाणीघराच्या दारात पडला होता. उंबऱ्याशी ठेवलेली बादली त्याला दिसली नव्हती. गुडघा फुटला होता आणि कपाळातून रक्त येत होतं. अन्विता शिकवणीला गेली होती, आई देवळात. घरात ऐकणारं कुणीच नव्हतं.

ती समोर येऊन बसली तेव्हा नागेश दचकला. "तुला कसं कळलं?"

"तू ओरडलास."

"मी?" त्याने स्वतःच्या गळ्याला हात लावला. चाळीस वर्षांत त्याला कधी वाटलंच नव्हतं, की आपल्याला आवाज आहे आणि तो कुणाला तरी ऐकू जाऊ शकतो.

हेमांगीने त्याच्या कपाळावर ओलं फडकं दाबून धरलं. तिचं डोकं पहिल्यांदाच स्वच्छ झालं होतं. बारा, एकवीस, अडतीस या आकड्यांत हा आवाज कुठेच नव्हता. शांत खोलीत बसवून कुणी तिला तो विचारला नव्हता. आणि तिला हवा होता तो नेमका हाच.

*

"मी डोस घेणार आहे," पुढच्या भेटीत ती डॉ. शिरीनना म्हणाली. "पण सराव माझा मी ठरवणार. पट्टी नाही आणि हात मांडीवर नाहीत."

"म्हणजे?"

"आवाज ऐकताना नागेशचा हात माझ्या हातात असेल. मी रस्त्यावर उभी राहीन, स्वयंपाकघरात, शाळेत. हॉर्न ऐकला की त्याच्या तळव्यात सांगेन. आई बोलली की तेही तळव्यात सांगेन. तुम्हीच म्हणालात, जी जोडणी झाली ती घट्ट बसते. मग आवाज आणि हात एकत्र बसू देत."

डॉ. शिरीननी मान हलवली. "दोघांत जागेसाठी झगडा आहे, ताई. दोन्ही एकदम चालू ठेवलीत तर कदाचित कुणालाच जागा मिळणार नाही. असं कुणी केलेलं नाही. माझ्याकडे तुम्हाला दाखवायला काही पुरावा नाही."

"नसू दे."

"शब्दांचा आकडा खाली येईल."

"येऊ दे."

"माझ्या निष्कर्षांत तुमचं नाव अपयशी म्हणून लागेल. तुम्ही, ज्यांच्यावर आमची सगळी भिस्त होती!" आता त्यांच्या आवाजाला धार आली होती. हेमांगीला शब्द सगळे कळले नाहीत, पण धार कळली.

"डॉक्टर," ती उजेडाकडे तोंड करून म्हणाली, कारण आता तिचे ओठ डॉक्टरांना दिसायला हवे होते, "तुम्ही मला विचारलंच नाहीत, की मला काय ऐकायचंय."

डॉ. शिरीननी तिची फाइल पुन्हा उघडली. मग त्यांनी नैतिक समितीला फोन लावला, वाद घातला, एक अर्ज फेटाळला गेला, दुसरा मंजूर झाला. डोस मिळाला.

*

सोलापूरच्या सात रस्ता या गजबजलेल्या चौकात उभं राहून ऐकायला शिकणं म्हणजे भरल्या बाजारात अक्षरओळख करून घेण्यासारखं होतं. रिक्षा, बस, भाजीवाल्याचा भोंगा, लग्नाची वरात. पहिल्या दिवशी हेमांगीचं डोकं इतकं ठणकलं, की तिने यंत्र काढून पिशवीत टाकलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. नागेश डोळे मिटून शेजारी उभा राहायचा. आपल्याला पुढे असंच राहायचंय, तर आतापासून सवय करतो, असं म्हणायचा. मागून काही आलं की ती त्याच्या तळव्यात सांगायची, ट्रक, डावीकडून. सायकल. कुत्रा. चुकायचीसुद्धा. एकदा तिने बस म्हणून त्याला मागे ओढलं, तर तो गिरणीतला पंखा निघाला. दोघं फुटपाथवर बसून पोट धरून हसले.

मंदाकिनीबाई रागावून बार्शीला निघून गेल्या होत्या. इतका चढलेला आकडा पोरीने आपल्या हाताने खाली आणावा, हे त्यांना पाहवेना. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या, हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या दाराशी पाट मांडून बसल्या. हेमांगी आणि नागेश जमिनीवर समोरासमोर बसले होते, हातांवर हात ठेवून.

"कुठून सुरुवात करायची?" त्यांनी विचारलं.

हेमांगीने ते ऐकलं, सगळं नाही, पण पुरेसं. तिने ते नागेशच्या तळव्यात सांगितलं. नागेशने तिच्या तळव्यात उत्तर दिलं आणि तिने ते आईला तोंडाने सांगितलं, "तो म्हणतोय, आईंनी बार्शीहून काय आणलं तिथून."

मंदाकिनीबाईंना हसू आलं. जावयाने त्यांच्याशी केलेली ती पहिली थट्टा होती. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण मधे नेहमी दुसऱ्या कुणाला तरी बोलावं लागे आणि तेवढ्यात थट्टा शिळी व्हायची.

रोजचा सराव तसाच चालू राहिला. एखाद्या दिवशी काहीच जमायचं नाही. आवाज यायचा तेव्हा हात अडायचे, हात चालायचे तेव्हा आवाज पुसट व्हायचा. कधी ती चिडून भांडी आदळायची आणि मग भांड्यांचा आवाज ऐकून आणखी चिडायची. पण ती थांबली नाही. शेवटच्या डोसानंतर काही आठवड्यांनी डॉ. शिरीननी सांगितलं, की जाळी पुन्हा विणली गेली आहे. आता जे आहे ते हेच.

शब्दांचा आकडा चौतीस निघाला. आधी होता त्याच्याही खाली. सत्तरच्या तर निम्म्यावर.

डॉ. शिरीननी दुसरी चाचणी मागाहून जोडली होती, समितीला न आवडणारी. गोंगाटाच्या ध्वनिमुद्रणात हेमांगीला बसवून तळव्यात खुणा चालू ठेवायच्या आणि मागून आलेला आवाज कोणता ते विचारायचं. दहांतल्या आठ वेळा ती बरोबर होती, आणि तळव्यातलं वाक्यही तिने सोडलं नव्हतं. मेंदूच्या चित्रात कानशिलापाशी एक पट्टा दिसत होता. आवाज आला तरी तो उजळायचा, हाताला स्पर्श झाला तरी उजळायचा.

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. पण त्या ते चित्र बाजूला सारत नव्हत्या. "आवाज आणि हात यांचा झगडाच असतो असं मी वीस वर्षं शिकवत आलेय. पुढच्या तुकडीत पहिल्याच भेटीत प्रत्येकाला विचारणार आहे, तुम्हाला काय ऐकायचंय."

सगळं परत आलं असं मात्र नव्हतं. डोळ्यांच्या कडेने दिसायचं ते पूर्वीसारखं कधीच झालं नाही. शाळेत हेमांगीने मुलांचा गोल लहान केला आणि आपलं आसन मागे घेतलं, म्हणजे सगळी समोर दिसत. आईचं लांबलचक बोलणं तिला अजूनही ओठ पाहिल्याशिवाय लागत नसे. मंदाकिनीबाई आता छोटी वाक्यं बोलायला शिकल्या होत्या. त्यामुळे भांडणं कमी झाली, असं नागेशचं मत होतं.

नागेशने कापड कापायचं यंत्र सोडलं. आता तो त्याच कारखान्यात कापडाचा पोत हाताने तपासतो. त्याच्या नजरेत मधला एक वाटोळा तुकडा उरलाय, ताटाएवढा. कधी कधी तो त्यात मुलीचा चेहरा धरून नुसता बघत बसतो.

परवा संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसले होते. हातात शेंगा, मधेच एकमेकांच्या तळव्यात बोलणं. कारखान्यातल्या नव्या साहेबाची काही तरी हकिकत नागेश सांगत होता. बाहेरच्या खोलीत अन्विता अभ्यासाला बसली होती. एरवी तिला कुठे जायचं असलं, की आत येऊन, समोर उभी राहून, दोघांनाही दिसेल असं हातांनी सांगून, होकार घेऊन मगच ती बाहेर पडे. त्याआधी तुम्हाला काही हवंय का, कुणाचा फोन यायचाय का, हे विचारे.

अभ्यासाची वही मिटल्याचा आवाज झाला. चपला सरकल्या. कडी निघाली. मग जिन्यातूनच, उतरता उतरता, पोरगी ओरडली, "आई, मी खाली खेळायला जातेय!"

हेमांगीला त्यातलं 'आई' कळलं आणि 'खेळायला' कळलं. ती काही म्हणणार तोवर पावलं धडधडत खाली पोचलीसुद्धा, आणि खाली पाच-सहा मुलींचा एकच कल्ला उठला. त्यात तिचा आवाज कोणता ते आता ओळखू येत नव्हतं.

नागेशचा हात तिच्या तळव्यात थांबला होता. "काय झालं?"

"अन्विता खेळायला गेली."

"कधी येणार म्हणाली?"

"विचारायच्या आत पळाली," हेमांगीने त्याच्या हातावर सांगितलं.